इंग्रजीच शिकायचं, तर ओहायोच्या खेड्यात कशाला?

पत्राचा गोषवारा: नाशिकहून एका आईचं पत्र आलंय. त्या सहकारी बँकेत काउंटरवर काम करतात, पती सातपूरच्या एका कारखान्यात आहेत आणि सहा वर्षांनी निवृत्त होतील. थोरली मुलगी यंदा बारावीला, धाकटा मुलगा नववीत. मुलीने शाळेतल्या बाईंच्या मदतीने अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांना अर्ज केले. "मिळतंय कशाला" असं म्हणत आई-वडिलांनी उत्पन्नाचे कागद दिले आणि ते विसरून गेले. आता ओहायो राज्यातल्या, दीड-दोन हजार विद्यार्थ्यांच्या एका लिबरल आर्ट्स (म्हणजे एकाच शाखेत न बांधता अनेक विषय शिकवणाऱ्या) कॉलेजात तिला इंग्रजी साहित्य आणि लेखन शिकायला प्रवेश मिळालाय. वर्षाचा खर्च ८८ हजार डॉलर. त्यातले ६६ हजार कॉलेज सोडतंय, २२ हजार घरून भरायचे. होकार कळवायची शेवटची तारीख १ मे. वडील म्हणतात, इंग्रजीच शिकायचं तर नाशिकात काय वाईट आहे, आणि अमेरिकेलाच जायचं तर कॉम्प्युटर घे. नातेवाईक कॉलेजचं नाव ऐकून "हे कुठलं?" विचारतात. आई लिहितात, "पाठवलं तर घर गहाण टाकावं लागेल, अडवलं तर ती मला माफ करणार नाही." सोबत मुलीच्या इंग्रजी गोष्टीची दोन पानं जोडली आहेत. ताजा कलम: तिकडे जाऊन तिचं मराठी सुटेल का?

ताई,

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत, आणि घरातली निम्मी भांडणं त्या गुंत्यापायीच होत असावीत. हे शिक्षण घेण्याजोगं आहे का, हा एक. ते आपल्या घराला झेपेल का, हा दुसरा. यजमान "इंग्रजी शिकून काय दिवे लावणार" म्हणतात, तेव्हा त्यांच्या पोटात गोळा आलेला असतो तो घराच्या कागदांमुळे. मुलीला मात्र एवढंच ऐकू येतं, की बाबांना माझं लिहिणं फालतू वाटतं. मग ती लिहिण्याच्या बाजूने भांडते, ते पैशाच्या काळजीने भांडतात, आणि तुम्ही मधल्या मधे. माझं मत आधीच सांगून टाकते. पहिल्या प्रश्नाला हो, मनापासून हो. दुसऱ्याला, तुम्ही कळवलेल्या आकड्यांवर, नाही. पण १ मेपर्यंत त्या आकड्यांत थोडी हालचाल करता येईल, आणि नाही झाली तरी मुलीच्या वाटा बंद होत नाहीत.

यजमानांचा सवाल रास्त आहे. फक्त त्यांनी असं धरून चाललंय, की पोरगी तिकडे इंग्रजी शिकायला निघालीय. इंग्रजी तिला येतं. अशा कॉलेजात सत्राला चार याप्रमाणे चार वर्षांत साधारण ३२ विषय होतात. त्यातले दहा-बारा इंग्रजीचे. उरलेले वीस-बावीस तिने इतर विभागांतून घ्यायचे असतात, म्हणजे संख्याशास्त्र, भूगर्भशास्त्र, इतिहास, एखादी परकी भाषा, मनात आलं तर मातीची भांडी घडवणंसुद्धा. मुख्य विषय पक्का करायचा तो दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस. तेव्हा ती आज "इंग्रजी" म्हणतेय ते तिथे जाऊन अर्थशास्त्र होऊ शकतं, किंवा दोन्ही. आपल्याकडे बारावीनंतर एका डब्यात चढलं की शेवटच्या स्टेशनापर्यंत उतरता येत नाही. तिथे तसं नाही, हे यजमानांना सांगा. त्यांची निम्मी धास्ती तिथेच उतरेल असं मला वाटतं.

आता "हे कुठलं?" विचारणाऱ्या नातेवाइकांबद्दल. तुम्ही कॉलेजचं नाव कळवलंय, ते इथे छापत नाही. त्याच राज्यातलं, त्याच जातकुळीचं केनयन कॉलेज उदाहरणादाखल घेऊ. १८२४ साली निघालेलं, आता गॅम्बिअर नावाच्या गावात. कॉलेज वजा केलं तर त्या गावात फारसं काही उरत नाही. मोठं शहर म्हणजे कोलंबस, तेही गाडीने तासाभरावर. १९३७ मध्ये जॉन क्रो रॅन्सम नावाचा कवी आणि समीक्षक तिथे शिकवायला गेला, १९३९ मध्ये त्याने 'केनयन रिव्ह्यू' हे नियतकालिक सुरू केलं, आणि अमेरिकन समीक्षेचा एक मोठा मुक्काम त्या आडगावी पडला. त्याच्यापाशी शिकायला मिळावं म्हणून पुढे नावाजलेला कवी रॉबर्ट लॉवेल हार्वर्ड सोडून तिथे आला. त्याच्या घरच्यांना नातेवाइकांनी काय काय विचारलं असेल! पुढे ई. एल. डॉक्टरो हा कादंबरीकारही रॅन्समच्या वर्गात बसला, आणि गंमत म्हणजे त्याने पदवी घेतली तत्त्वज्ञानाची.

ओहायो हे नाव मराठी वाचकाला खरं तर अगदीच नवखं नसावं. जी. ए. कुलकर्णींनी कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन लेखकाच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, त्यातलं ते किर्र रान आणि ते तोडून वसलेली वस्ती ओहायो खोऱ्यातलीच. आणि जी.ए. पोटापाण्यासाठी काय करायचे? धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक, भालचंद्र नेमाडे इंग्रजीचे, विलास सारंग इंग्रजीचे, मर्ढेकरांनीही काही काळ इंग्रजीच शिकवलं. इंग्रजी विभागाच्या हजेरीपटावर सापडणार नाहीत असे म्हणजे अरुण कोलटकर, ते जे.जे.मध्ये चित्रकला शिकले आणि जाहिरात कंपन्यांत नोकरी करून दोन्ही भाषांत लिहीत राहिले. तेव्हा इंग्रजी घेतलं म्हणजे लेखक होतो असंही नाही, आणि इंग्रजी घेतलं म्हणजे माणूस वाया जातो असं तर मुळीच नाही.

मग त्या छोट्या कॉलेजात असं काय मिळतं, जे इथे मिळत नाही? तुम्ही जोडलेल्या दोन पानांवरूनच सांगते.

पहिलं पान मला आवडलं नाही. त्यात आजीचे सुरकुतलेले हात आहेत, गोदावरीत सोडलेले दिवे आहेत, पहिल्या पावसातला मातीचा वास आहे. परदेशी पाहुण्यापुढे बैठकीची खोली आवरून ठेवावी तसं ते पान आहे. दुसऱ्या पानावर मात्र बँकेत पेन्शन काढायला आलेला एक म्हातारा भेटतो. शाईत बुडवून तो अंगठा उठवतो, आणि मग सदऱ्याच्या खालच्या काठाला पुसतो. आतल्या बाजूने, डाग बाहेरून दिसू नये म्हणून. ताई, हे तुमच्याच काउंटरवरचं असणार. तुम्ही दर महिन्याला असे वीस अंगठे घेत असाल. ती शाळा सुटल्यावर बाकावर तुमची वाट बघत बसायची, तेव्हा तिने हे टिपलं.

आता हीच पानं तिथल्या लेखनाच्या वर्गात कशी वाचली जातील ते बघा. बारा-पंधरा मुलं एका टेबलाभोवती. गोष्ट चार-पाच दिवस आधी सगळ्यांना दिलेली, प्रत्येकाने समासात खुणा केलेल्या, शेवटी लेखिकेला उद्देशून पानभर लिहून आणलेलं. जुनी रीत अशी, की चर्चा चालू असताना जिची गोष्ट तिने तोंड उघडायचं नाही. हल्ली बरेच शिक्षक ही रीत सैल करतात, पण गप्प बसून ऐकण्याचा भाग थोडाफार राहतोच. कुणी म्हणेल, पहिलं पान फार सुंदर आहे. दुसरा विचारेल, हा माणूस बोटाला शाई का लावतो, मतदान केलंय का? तुमची मुलगी आतल्या आत चरफडेल. तिसरी म्हणेल, शाईचं मला काही कळलं नाही, पण सदरा आतून पुसला तिथे मी थांबले. मग बाई म्हणतील, पहिलं पान काढून टाक, अंगठ्यापासून सुरुवात कर, पुढच्या आठवड्यात परत दाखव. आता तिच्यापुढे खरा पेच: अंगठ्याची भानगड ओळभर समजावून सांगायची, की त्या वाचकाला तसंच अडखळू द्यायचं? समजावलं तर म्हातारा प्रदर्शनातला होतो, नाही समजावलं तर अर्धं टेबल बाहेर राहतं. कितव्या खर्ड्यात सुटेल ते सुटेल. पण ती सोडवत असताना कुणीतरी प्रत्येक खर्डा वाचणार आहे, ही त्या फीमागची खरी वस्तू.

इकडे मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं म्हणून सांगते: वर्गात ऐंशी-नव्वद मुलं, हातात गाइड, पेपरात "सविस्तर चर्चा करा". आपले शिक्षक कमी नसतात. पण नव्वद निबंध वाचून, खुणा करून परत द्यायचे आणि पुन्हा लिहून घ्यायचे, हे एका माणसाच्या आवाक्यातलं काम नाही. तिथे ते होतं, कारण मुलं पंधरा असतात. शिवाय शिक्षक आठवड्यातले ठरावीक तास दार उघडं ठेवून बसतात, आणि तिथे जाऊन बसणं हा अभ्यासाचाच भाग मानतात. आपली मुलं संकोचाने जात नाहीत. तुमची गेली तर तिला पहिल्या सत्रापासून जायला सांगा, काही अडलं नसलं तरी.

एक धोकाही सांगते. अशा वर्गात सगळ्यांना पटेल असं गुळगुळीत लिहायची सवय लागते, आणि अमेरिकन टेबलाला काय रुचेल याचा अंदाज घेत लिहिणं हा तर आपल्या मुलांचा खास आजार. तिच्या पहिल्या पानावर त्याची लक्षणं आत्ताच दिसतात.

इथपर्यंत यजमान हे पत्र वाचत असतील तर त्यांचा संयम सुटत आला असेल. तेव्हा पैशाकडे येते. इथे मी अजिबात हळवी होणार नाही.

तुम्ही हिशेब केलाय तो असा: वर्षाला २२ हजार, गुणिले चार, ८८ हजार डॉलर. यात एक गोष्ट राहून गेली. कॉलेजची फी दरवर्षी वाढते. वाढ ४ टक्के धरा. ८८ हजारांचा खर्च दुसऱ्या वर्षी साधारण ९१,५०० होतो, तिसऱ्या वर्षी ९५ हजारांवर जातो, चौथ्या वर्षी ९९ हजारांना टेकतो. कॉलेजची मदत ६६ हजारांवरच थांबून राहिली, तर तुमचा वाटा २२ हजारांवरून चौथ्या वर्षी ३३ हजारांवर जातो आणि चार वर्षांची बेरीज होते सुमारे १ लाख १० हजार डॉलर. डॉलर ९० रुपये धरला तर जवळजवळ एक कोटी. डॉलरही जागेवर बसून राहत नाही. २०१४ मध्ये साठ-एकसष्ट रुपयांना मिळणारा डॉलर २०२४ सरता सरता ८५ वर गेला होता. त्यात विमानाची तिकिटं, आरोग्य विमा, ओहायोच्या थंडीचे कपडे, आणि सुट्टीत वसतिगृह बंद झालं तर राहायची सोय धरा.

तुमच्याकडे, तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे, ठेवी आणि भविष्य निर्वाह निधी मिळून ३५-४० लाख आहेत. उरलेल्या ६० लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी १० वर्षांसाठी काढलं, तर हप्ता महिना ८१ हजारांच्या आसपास येतो. शिक्षण चालू असताना साचणारं व्याज यात धरलेलंच नाही. यजमान तेव्हा निवृत्तीच्या उंबरठ्यावर, धाकटा नेमका कॉलेजात. ताई, तुम्ही बँकेत आहात. हीच फाइल काउंटरपलीकडून कुणी पुढे केली असती तर तुम्ही काय सांगितलं असतं?

म्हणून १ मेच्या आत कॉलेजच्या आर्थिक साहाय्य कार्यालयाला लिहायचं. मुलीनेच लिहायचं, तुमच्या सहीचे कागद जोडून. हे भीक मागणं नाही, तिथे फेरविचाराची विनंती हा नेहमीचा मामला आहे. यजमानांच्या निवृत्तीचं वर्ष, धाकट्याचं शिक्षण, आजी-आजोबांचं औषधपाणी असेल तर ते, सगळं आकड्यांसकट मांडा. आणि एक प्रश्न स्वच्छ शब्दांत विचारा: फी वाढेल तशी आमची मदत वाढणार, की रक्कम गोठलेली राहणार? पुष्कळ पालक हा प्रश्न विचारतच नाहीत, आणि तिसऱ्या वर्षी धावाधाव होते. मदत चालू राहायला किती गुण टिकवावे लागतात, तेही लेखी घ्या. कॅम्पसवरच्या नोकरीवर फार भिस्त ठेवू नका. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं, आणि छोट्या कॉलेजात तेवढे तास मिळतीलच असं नाही. ग्रंथालयात किंवा भोजनगृहात मिळालेल्या पैशांत वह्या-पुस्तकं, फोन, महिन्यातून एकदा कोलंबसला जाऊन डाळ-तांदूळ, एवढं भागतं.

आता माझ्या मते रेघ कुठे ओढायची? घर गहाण न टाकता, धाकट्याच्या वाट्याला हात न लावता, तुम्ही दोघं चार वर्षांत किती रक्कम कायमची विसरू शकता, तो आकडा आज रात्री तिघांनी बसून कागदावर लिहा. मुलगी त्या बैठकीत हवीच. सतरा-अठराच्या मुलीला घराचे आकडे दाखवायचे नाहीत, ही आपली खोड वाईट आहे. मग ती नकाराचे भलतेच अर्थ लावते. कॉलेजचं उत्तर त्या आकड्यात बसलं तर डोळे झाकून पाठवा. नाही बसलं तर नाही.

आणखी एक चौकशी पैशाचीच, पण कॉलेजच्या पैशाची. अमेरिकेतली छोटी कॉलेजं सध्या सगळीच ठणठणीत नाहीत. न्यूयॉर्क राज्यातलं वेल्स कॉलेज १८६८ पासूनचं. एप्रिल २०२४ च्या अखेरीस त्यांनी जाहीर केलं, की हे सत्र संपलं की कॉलेज बंद. मुलांना दुसरीकडे जागा शोधायला किती वेळ मिळाला असेल ते तुम्हीच मोजा. व्हर्जिनियातल्या स्वीट ब्रायर कॉलेजने २०१५ मध्ये असंच जाहीर केलं होतं, ते माजी विद्यार्थिनींनी झगडून, पैसे उभे करून वाचवलं. म्हणून कॉलेजची गंगाजळी किती आहे आणि गेल्या पाच वर्षांत पहिल्या वर्षाला किती मुलं आली, हे बघून घ्या. ना-नफा संस्थांचा वार्षिक फॉर्म ९९० कुणालाही पाहता येतो. बहुतेक कॉलेजं 'कॉमन डेटा सेट' नावाचा तक्ताही प्रसिद्ध करतात. परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना मदत मिळाली आणि सरासरी किती, हेही त्यात असतं. ताळेबंद वाचणं तुमच्या रोजच्या कामातलं, तेव्हा हे काम तुमच्याकडे.

नोकरीबद्दल यजमानांचं म्हणणं अर्धं खरं आहे. अमेरिकेत शिकून झाल्यावर विद्यार्थी व्हिसावर एक वर्ष काम करता येतं. विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या पदवीला त्यावर आणखी २४ महिने मिळतात, इंग्रजीला मिळत नाहीत. एका वर्षात तिथे लेखनाची नोकरी मिळवून पुढचा व्हिसा पदरात पाडणं कठीण, आणि व्हिसाचं वारं सध्या कुठून कुठे फिरेल याचा भरवसा नाही. २०२५ च्या मे-जूनमध्ये तर विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या वेळा देणंच काही आठवडे थांबलं होतं. तेव्हा "शिकून तिथेच कमावेल आणि डॉलरमध्ये कर्ज फेडेल" हे गणित मांडूच नका. ती परत येईल असं धरून हिशेब करा. इथे येऊन प्रकाशन, जाहिरात, मालिकांचं लेखन, शिकवणं, कायद्याचं पुढचं शिक्षण, असे रस्ते आहेत. पण सुरुवातीच्या पगारात ८१ हजारांचा हप्ता बसत नाही. कंटेंट रायटिंग म्हणून जी पहिल्या पायरीची कामं असायची ती आता यंत्रं भराभर उरकतात, त्यामुळे त्याही पायरीवर फार विसंबू नये. यावर "कॉम्प्युटर घे" हा उपाय मला पटत नाही. न आवडणाऱ्या विषयात कशीबशी पास होणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्र जोडीला घे, असं म्हणून बघा. काही कॉलेजांत अर्थशास्त्राची पदवी त्या २४ महिन्यांच्या यादीत बसते, तेही विचारा.

आणि उत्तर नकारार्थी आलं तर? एक वर्ष थांबून पुन्हा अर्ज करणं हा एक मार्ग. मिळालेला प्रवेश वर्षभर पुढे ढकलता येतो का, आणि मदतही सोबत ढकलली जाते का, हे विचारा. दुसरा भाग विसरू नका. ॲमहर्स्ट, बोडन अशी मोजकी छोटी कॉलेजं परदेशी अर्जदाराचा आर्थिक गरजेकडे न बघता विचार करतात आणि निवड झाली की ठरलेली गरज पूर्ण भागवतात. तिथे शिरकाव महाकठीण, पण अर्ज करायला हरकत नाही.

मला स्वतःला दुसरा मार्ग अधिक आवडतो, आणि तो आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही. पदवी इथे करायची. पुण्यात लवळ्याला फ्लेम विद्यापीठ आहे, सोनिपतला अशोका विद्यापीठ आहे, दोन्हीकडे वर्ग लहान असतात. फी जड आहे, पण रुपयांत आहे आणि मदतीच्या योजना आहेत. किंवा नाशिक-पुण्याच्या एखाद्या जुन्या कॉलेजात अगदी थोड्या फीमध्ये बी.ए. करायचं, आणि चार-पाच लिहित्या मुलांनी दर पंधरा दिवसांनी एकमेकांचे खर्डे वर सांगितलेल्या रीतीने वाचायचे. टेबल आणि चहा एवढाच खर्च. मग बावीस-पंचविसाव्या वर्षी, हातात पाच-सहा बऱ्या गोष्टी असल्या की, अमेरिकेतल्या लेखनाच्या एम.एफ.ए.ला, म्हणजे पदव्युत्तर पदवीला, अर्ज करायचा. आयोवा विद्यापीठाची लेखन कार्यशाळा १९३६ पासूनची आहे. तिथे, मिशिगन विद्यापीठात, ऑस्टिनच्या मिचेनर सेंटरला निवड झालेल्यांचं शिक्षण मोफत होतं आणि राहण्या-जेवण्यापुरता पैसाही मिळतो. जागा मूठभर, अर्ज ढीगभर, हे खरं. पण तिथे निवड होते ती मुख्यतः पाठवलेल्या लिखाणावर, आणि घर गहाण पडत नाही. त्याच आयोवात लेखकांसाठी दुसरा एक आंतरराष्ट्रीय उपक्रम आहे, १९७५ मध्ये दिलीप चित्रे तिथे गेले होते.

आता दोन शब्द थेट तुमच्या मुलीला, हा मजकूर तिलाही वाचायला द्या.

बाळ, गेलीस तर पहिल्या सहा महिन्यांत तीन गोष्टी अंगावर येतील. एक, उचलेगिरीचे नियम. आपल्याकडे गाइडातला परिच्छेद उतरवला तर फार तर गुण कापतात; तिथे एक वाक्य श्रेय न देता आलं तरी चौकशी बसू शकते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीबद्दल प्रत्येक शिक्षकाचा नियम वेगळा असतो, तो पहिल्याच तासाला विचारून घे. दोन, तोंड. वर्गात बोलण्याला गुण असतात, आणि तिथली मुलं अर्धा विचार झाला असतानाच बोलायला लागतात. तू पूर्ण विचार होईपर्यंत थांबलीस तर तास संपेल. तीन, नोव्हेंबर. साडेपाचला अंधार, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत सगळे घरी जातात, आणि दीड हजार माणसांच्या गावात कुणाशी वाजलं तर तोंड चुकवायला दुसरी गल्ली नसते. तेव्हा कुणाच्या तरी घरचं आमंत्रण आधीच घेऊन ठेव, त्यात लाजायचं काही नाही. आणि न गेलीस, तर दार बंद केल्याचा दोष आईच्या माथी मारू नकोस. तुझा म्हातारा नाशिकच्या शाखेत भेटला.

ताजा कलमातल्या प्रश्नाचं उत्तर. ताई, मराठी सुटेल का हे ओहायो ठरवत नाही. नाशिकात राहून मराठीचं एक पुस्तक न उघडणारी मुलं तुमच्याही नात्यात असतील. त्या दोन पानांचं मराठी तिने कधी करून पाहिलंय का, विचारा. मराठीत लिहिताना आजीच्या सुरकुत्या आणि मातीचा वास तिचं तिलाच खटकेल, कारण ते कुणाला दाखवायला लिहिलंय हे लगेच उघडं पडतं. तसं केलं तर मराठी खर्डाही मला पाठवायला सांगा, वाचून खुणा करून परत पाठवीन. त्याआधी कॉलेजला लिहायचं पत्र या आठवड्यातच रवाना करा. एप्रिलच्या शेवटच्या दिवसांत त्या कार्यालयात विनंत्यांचा खच पडलेला असतो.